आधी टेकू, मग अहवाल

मॅडम, मी २७ वर्षांची आहे. नागपुरातच सिव्हिल केलं, मग स्ट्रक्चरमध्ये एम.टेक. तीन वर्षांपासून एका कन्सल्टन्सीत बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या फ्लॅट स्कीमांचं डिझाइन करते. दोन महिन्यांपूर्वी सरांनी मला महाल भागातल्या एका वाड्याचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला पाठवलं. लाकडी खांब, कडीपाटाचं छत, वर कवेलूंचं छप्पर, दगडाच्या दीड हात जाड भिंती. मालकांना पाडून स्कीम करायची आहे, मागच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू आहेत. एका भिंतीला मोठा तडा आहे, दोन खांब पायाशी कुजलेत. बाकी वाडा मला ठणठणीत वाटला. सर म्हणाले, “चुना कोडमध्ये बसत नाही, कॅल्क्युलेशन कोण करणार? अतिधोकादायक लिही अन् मोकळी हो.” रिपोर्ट अजून माझ्या लॅपटॉपमध्येच आहे. तेव्हापासून जुन्या इमारतींचंच काम करावं असं वाटतंय. बाबा म्हणतात त्यात पोट भरत नाही, एमपीएससी दे. साइटवर मिस्त्री माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला विचारतात, “साहेब कवा येनार?” नोकरी सोडू का? कुठे शिकू? आणि त्या रिपोर्टचं काय करू?
— मानेवाड्याची एक अभियंता

रिपोर्टचं आधी बोलू. तू लिहिलंस की दोन खांब पायाशी कुजलेत, आणि त्याला दोन महिने झालेत. मग आजच्या आज सरांना ई-मेल कर: त्या खांबांच्या दोन्ही अंगांना बल्ल्यांचे टेकू लावायला हवेत, वरच्या माडीवरचं सामान उतरवायला हवं, आणि त्या खांबांमधल्या खणात कुणी झोपायचं नाही. मालकांना आणि भाडेकरूंना दोघांनाही हे कळलं पाहिजे. तोंडी सांगून भागणार नाही. तारीख टाकून, फोटो जोडून लेखी जाऊ दे. अहवाल त्यानंतर आठ-पंधरा दिवस रखडला तरी चालेल. वाडा वाचावा असं तुला वाटतं, ते ठीक आहे, पण म्हणून त्याच्या खाली माणसं ठेवायची नाहीत. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी हे सगळ्यात आधी सांगते. जुन्याच्या प्रेमात पडलेला इंजिनिअर घाईने ‘पाडा’ लिहिणाऱ्याइतकाच घातक असतो.

आता ते खांब का कुजले, हे बघितलंस का? अशा वाड्यात सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो तळखड्यावर, म्हणजे पायाखालच्या दगडावर, उभा असतो, आणि तळखडा जमिनीच्या चार बोटं वर. मग कधीतरी घरात लग्न निघतं, सारवलेली जमीन जाऊन कोबा येतो. काही वर्षांनी कोब्यावर टाइल्स येतात. तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय सिमेंटच्या ओलीत अडकतो. त्यात रोज पोछ्याचं पाणी. वाळवीला आणखी काय पाहिजे! एक टोकदार स्क्रूड्रायव्हर घे आणि जमिनीपासून वर दर वितीला खांब टोचत जा. खाली तो मुठीपर्यंत आत जाईल, वर गेल्यावर कुठेतरी टणक लागेल. तिथून वरचा खांब बहुतेक शाबूत असतो. टेकूवर भार घ्यायचा, कुजका भाग कापायचा, जुन्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने बसवून बोल्ट मारायचे आणि तळखडा पुन्हा मोकळा करायचा. हे काम करणारे सुतार शहरात अजून आहेत. जुनं सागवान विकणाऱ्या टालावर विचार, नावं तेच सांगतील.

तड्याबद्दल एका भेटीत एवढंच सांगता येतं की तडा आहे. तू लांबी-रुंदी लिहिली असशील, पण तो कुठे रुंद आहे ते लिहिलंस का? वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर भिंतीचं टोक खचत असण्याची शक्यता जास्त. खाली रुंद असेल तर मधला भाग बसत असावा. कडांवर जुनी धूळ, चुन्याचा थर, कोळ्याची जाळी असेल तर तडा जुना. कडा ताज्या, धारदार असतील तर नवा. आणि आपली काळी माती विसरू नकोस. मे महिन्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि उथळ पायाच्या भिंती तिच्यासोबत वर-खाली होतात. समज, मेमध्ये ४ मिलिमीटरचा तडा सप्टेंबरात अडीचवर आला आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा ४ झाला, तर ती भिंत मोसमाप्रमाणे हलते आहे, कदाचित तुझ्या आजोबांच्या वेळेपासून. तेच आकडे चार, पाच, सहा असे चढत गेले तर मात्र पाया कुठेतरी सुटतोय. म्हणून तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटव, शेजारी तारीख लिही. नाहीतर क्रॅक गेज मिळतो तो लाव. मधे एक उन्हाळा आणि एक पावसाळा जायला हवा. मालक म्हणतील एवढा वेळ कुठे आहे. टेकू लावलेले असले की वेळ मिळतो.

आणि पाणी बघ. एका जुन्या शाळेच्या भिंतीवर आम्ही सगळे गच्चीची गळती शोधत होतो. तिथला म्हातारा मिस्त्री भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला, “बाई, वरून नाई, खालून पानी चढून राह्यलं. मोरी पाहा पह्यले.” मोरीचाच पाइप फुटलेला निघाला.

सरांचं म्हणणं की चुना कोडमध्ये बसत नाही. बसतो. भारतीय मानकांतलं आयएस ४५६ उघडलं तर सापडणार नाही, कारण ते काँक्रीटचं. बिनसळईच्या बांधकामाचं आयएस १९०५ काढ, त्यात चुन्याच्या मसाल्याची मिश्रणंच दिली आहेत. चुन्यासाठी आयएस ७१२ आहे, लाकडासाठी ८८३, दुरुस्ती आणि भूकंपासाठीच्या मजबुतीकरणाला १३९३५. कॉलेजात ही पुस्तकं कुणी उघडायला लावत नाही, हा वेगळा विषय.

कॅल्क्युलेशन तर कागदाच्या पाठीवर होतं. दहा मीटर उंच दगडी भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाने येणारा दाब दर चौरस मिलिमीटरला ०.२ न्यूटनच्या आसपास असतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची ताकद त्याच्या शेकडो पट. चुन्याचा सांधा दगडापेक्षा कितीतरी दुबळा, तरी एवढा दाब तो सहज घेतो. जुन्या भिंती सहसा चिरडून पडत नाहीत. त्या फुगतात, त्यांचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, त्यांच्यात पाणी मुरतं, पाया सरकतो. किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हेच झालं. बाहेर-आत दगडाचे दोन पदर, मधे माती-गोट्यांची भर, पदरांना बांधणारा आरपार दगड नाही आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं ओझं. हजारो माणसं गेली. तेव्हा भिंत दीड हात जाड आहे म्हणून ती भक्कम, असं तूही धरू नकोस. ‘ठणठणीत वाटला’ हे वाक्य अहवालात चालत नाही. हातोडीने ठोकून कुठे पोकळ वाजते ते बघ, एखाद्या दिवळीच्या बाजूने दगड काढून आतली भर बघ, ओळंबा लावून पोट किती सुटलंय ते मोज. यातून खरंच ‘पाडा’ निघालं तर तेही लिहायचं, आणि त्याच दिवशी लिहायचं.

तुझी पिढी इथे एका गोष्टीत फसते, ती स्टॅडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. कमानीचं मॉडेल केलंस की खालच्या बाजूला लालभडक ताण दिसतो आणि आपण घाबरतो, कारण दगडाला ताण घेता येत नाही. पण कमान तो ताण घेतच नाही. तिथे बारीक चीर पडते, बिजागरी तयार होते, आणि कमान नव्या वाटेने भार खाली नेते. तीन बिजागऱ्या झाल्या तरी कमान उभी असते. चौथी झाली की कोसळते. रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच सांगून ठेवलं होतं की लोंबती साखळी जो आकार घेते, तो उलटा केला की कमान उभी राहते. केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये त्यावर नीट सिद्धांत बसवला: उलट्या साखळीसारखी भाराची ती रेषा दगडांच्या जाडीच्या आत कुठेही बसवता आली तर कमान सुरक्षित. हे तू एका रविवारी ग्राफ पेपरवर करून बघ. महालात गांधी गेटखाली उभी राहून केलंस तर आणखी मजा येईल, फक्त ई-रिक्षा सांभाळ.

वाड्याला कुणी सिमेंटचं प्लास्टर केलंय का, तेही नोंदव. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात रेनकोट घालून फिरणं. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, आतल्या आत क्षार साचतात आणि शेवटी प्लास्टरच्या मागे दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, म्हणून मालक खूश असतो.

अहवालात मग काय लिहायचं? काय पाहिलं, काय उघडून बघता आलं नाही, आज कुठे धोका आहे, तो टेकूने किती दिवस आवरेल, पुन्हा कधी तपासायचं. दुरुस्तीचा ढोबळ खर्च द्यायचा. पाडायचं की ठेवायचं हा निर्णय मालक, महापालिका आणि वेळ आली तर कोर्टाचा. वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, हे आधी बघ. असेल तर मामला हेरिटेज संवर्धन समितीकडे जातो, आणि सरांचा तो एका ओळीचा निष्कर्ष तिथे टिकणार नाही. एकाच इमारतीवर दोन जाणकारांची दोन मतं पडू शकतात. मुंबईत काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल, १८६० च्या दशकातला बिडाचा सांगाडा. २०१९ मध्ये एका तांत्रिक अहवालाने ते पाडा म्हटलं, दुसऱ्या तज्ज्ञांनी दुरुस्त होतं म्हटलं. वाद कोर्टात उभा राहिला तेव्हा दोन्हीकडून विचारलं गेलं ते हेच, की कशावरून?

सर तरीही ‘अतिधोकादायक’वरच अडले तर निरीक्षणांच्या पानांवर तुझं नाव असू दे, निष्कर्षाच्या पानावर त्यांची एकट्याची सही. तुझी निरीक्षणं त्यांना ई-मेलने गेलेली असली की झालं. भांडू नकोस, आणि मालकांना खलनायकही ठरवू नकोस. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्या, महिन्याला चहाचे पैसे निघत नाहीत एवढं भाडं आणि दर पावसाळ्यात कवेलू फेरायचा खर्च. तू त्यांच्या जागी असतीस तर तुलाही स्कीमच दिसली असती. दुरुस्तीचा आकडा त्यांच्यासमोर कुणी ठेवतच नाही, ही खरी अडचण आहे.

आता करिअरचं. नोकरी सोडू नकोस. निदान आत्ता नाही. बेशाच्या स्कीमा तुला भार, पाया, ठेकेदार आणि बिल या चार गोष्टी शिकवतात, आणि जुन्या इमारतीतही याच चार गोष्टी असतात. शिवाय पहिली काही वर्षं नुसत्या वारशाच्या कामावर घर चालत नाही. बाबा तेवढं बरोबर सांगतात. या क्षेत्रात टिकलेल्या ज्या लोकांना मी ओळखते, त्यांच्यातले बरेचजण आठवड्यातले काही दिवस नव्या इमारतींचंच काम करतात.

‘हेरिटेज’ म्हटलं की तरुणांच्या डोळ्यांपुढे किल्ले आणि राजवाडे येतात. तिथे एएसआय म्हणजे केंद्राचं पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व खातं, निविदा आणि परवानग्या. तुझ्यासारखीला तिथे शिरायला वेळ लागेल. एएसआयमध्ये कॉन्झर्व्हेशन असिस्टंटची पदं निघतात, ती बघत राहा. पण रोजचं काम आहे ते जुन्या शाळांत, चर्चच्या छपरांत, कॉलेजांच्या इमारतींत, बँकांच्या जुन्या शाखांत आणि इतवारी बाजारातल्या दुकानांत. इतवारीचंच घे. राहायला बांधलेली माडी आज गोदाम झालेली असते. राहत्या खोलीला आपण आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतो. तांदळाच्या पोत्यांची छातीएवढी थप्पी लागली की तोच भार चार-पाच पट होतो. तुळई वाकली म्हणून तिथे वाडा पाडा सांगणारे मी पाहिलेत. पोती खाली उतरवा, एवढं सांगायला इंजिनिअर लागतो, आणि त्याचे पैसेही मिळतात, जर मागितले तर.

पैसे कसे मागायचे ते लक्षात ठेव. नव्या इमारतीला चौरस फुटावर फी घेतो, तशी इथे घेतलीस तर बुडशील. टप्प्यांवर घे: पाहणी आणि मोजणी, उघडून बघणं, देखरेखीचे महिने, दुरुस्तीचं डिझाइन, आणि काम चालू असताना साइटवरची हजेरी. शेवटच्या टप्प्याची फी कधीही सोडू नकोस, कारण भिंत उघडल्यावर ड्रॉइंग बदलतंच. आणि एकटी काम करू नकोस. एखाद्या संवर्धन वास्तुविशारदाशी जोडी जमव. इमारतीचं काय जपायचं ते त्यांनी सांगायचं, कसं उभं ठेवायचं ते तू. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचा नागपूर चॅप्टर आहे, तिथे अशी माणसं भेटतील.

शिकायचं म्हणशील तर दोन ठिकाणं डोक्यात ठेव. आयआयटी मद्रासमध्ये जुन्या वास्तूंच्या सुरक्षिततेचं राष्ट्रीय केंद्र आहे. आणि युरोपात ऐतिहासिक बांधकामांच्या संरचनेवरच एक वर्षाचा मास्टर्स आहे, पोर्तुगालचं मिन्हो, इटलीचं पादोवा, बार्सिलोना आणि प्राग इथली विद्यापीठं मिळून २००७ पासून चालवतात. स्ट्रक्चरवाल्यांसाठी यापेक्षा नेमका अभ्यासक्रम मला माहीत नाही. आपल्याकडचे संवर्धनाचे बरेच मास्टर्स वास्तुविशारदांसाठी असतात, प्रवेशाची अट वाचून मगच अर्ज भर. पण तिकडे जाण्याआधी एक-दोन वर्षं इथल्या भिंतींना हात लाव. रामटेकच्या गडावर जा, पाचव्या शतकातली वाकाटककालीन नरसिंह मंदिरं बघ, वालुकाश्मातली. मग १९२५ चं नागपूर स्टेशन बघ, सावनेरच्या वालुकाश्माचं. अडीच-तीन फुटांपर्यंतचा दगड आणि त्यावरचा दगड यांत फरक दिसतो का ते बघ. पाणी कुठवर चढतं ते तिथे कळेल. एखाद्या चुन्याच्या कामावर आठ-दहा दिवस नुसती जाऊन बस. चुना किती दिवस भिजवतात, चुना दळायच्या घाण्यात किती वेळ फिरवतात, बेलफळाचं पाणी का घालतात, उन्हाळ्यात ओलं गोणपाट का बांधतात. ही उत्तरं मिस्त्रीकडे असतात, आणि विचारल्याशिवाय तो देत नाही.

ड्रायव्हरला विचारणाऱ्या मिस्त्र्यांचं फार मनावर घेऊ नकोस. शिडी स्वतः चढ, ओळंबा स्वतः धर, आणि त्याने केलेलं काम चुकलं असेल तर सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन सांग. पंधरा दिवसांत तो तुलाच फोन करायला लागतो. लग्नाचं मला विचारलं नाहीस, म्हणून त्यावर काही बोलत नाही.

आणि बाबांशी वाद घालू नकोस. एमपीएससीचा सल्ला ते समजतात त्याच्यापेक्षा चांगला आहे. नागपुरातल्या जुन्या सरकारी इमारतींच्या देखभालीचा मोठा भाग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. तिथे चुन्याच्या गच्चीवर डांबरी चादर टाकायची की नाही हे ठरवणाऱ्या खुर्चीत चुना समजणारी एखादी इंजिनिअर बसली, तर बाहेरून दहा अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा जास्त इमारती तिच्या हाताखालून नीट जातील. वेग कमी, बदल्या होतील, फायली रेंगाळतील, हे सगळं धरून सांगते आहे. फॉर्म भरून ठेव. परीक्षेचा अभ्यास आणि काचेच्या पट्ट्यांची नोंद एकत्र चालू शकते.

त्या ई-मेलची प्रत स्वतःलाही पाठव.